डाव्या विंगेतून

सोमवार, ३ फेब्रुवारी

चि. खारू,

खूप खूप आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी पोचलं. पाकिटावरचं अक्षर पाहून मी आधी घाबरलेच. हुबेहूब ताईचं, तुझ्या आईचं अक्षर, तसंच उजवीकडे झुकलेलं, घाईत असल्यासारखं. मग मागे तुझा पत्ता दिसला आणि मी चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

इतक्या वर्षांनी मावशीची आठवण झाली, हे टोमणा म्हणून लिहीत नाही. मीही कुठे येत होते? तुझे बाबा गेले तेव्हा आले होते, ती दहा मिनिटं, तीही दारातच उभी राहून. तू चहा विचारलास आणि मी गाडी थांबली आहे म्हणाले. गाडी काही थांबली नव्हती, मी चालतच आले होते.

मी ठीक आहे. गुडघे म्हणतात, बाई, आता बसा. मी म्हणते, बसले तर उठवणार कोण? डॉक्टर महिन्याला तपासतो आणि तपासताना हसतो. मी नुसती जीभ बाहेर काढली तरी त्याला विनोद वाटतो. म्हणून तर तुला फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की पलीकडचा हसायला लागतो, मग मलाही राहवत नाही, तिसरं वाक्य मी खास त्याच्यासाठी टाकते. कागद काही हसत नाही.

तर घरमालकिणीचं ते नाटक तीस वर्षांनी पुन्हा उभं राहतंय, आणि मालकीण तू! आठ मार्चला पहिला प्रयोग. ऐकून बरं वाटलं, हे अगदी मनापासून. जी पोर मेकअप रूममध्ये बसून माझ्या भुवया रंगवायच्या पेन्सिली कुरतडायची, म्हणून जिचं नाव खारू पडलं, ती आता माझीच भुवई रंगवणार.

विचारलंस ते सांगते. पोटाला उशी बांधू नकोस. पोटावर बांधली की बाई जाडी न दिसता गरोदर दिसते आणि प्रेक्षक काळजीत पडतात. उशी पाठीला बांध, कमरेच्या जरा वर. चालताना हात आपोआप लांब राहतात आणि सगळा रुबाब त्यात आहे. भाडेकरणीच्या भिंतीवरचं घड्याळ आपलं आहे म्हणून मालकीण ते काढायला स्टुलावर चढते, त्या प्रवेशासाठी सुताराला सांगून स्टुलाचा एक पाय अर्धं बोट तासून घे. डुगडुगण्याचा अभिनय करू नकोस. स्टूल खरंच डुगडुगू दे आणि तू पडू नये म्हणून धडपड. लोक हसतात ते आपल्या धडपडीला. पडलेल्या माणसाला कुणी हसत नाही.

शेवटी तू त्या तीन वाक्यांचं विचारलंस. पहिल्या छापील पुस्तकात ती नाहीत आणि दुसऱ्यात आहेत, हे तुझं बरोबर आहे. स्टुलावरून मालकीण म्हणते, ‘धर गं मला.’ मग, ‘अगं, खरंच धर.’ आणि मग, ‘कुणीतरी या ना.’ ती कशी टाकायची, असं विचारतेस. माझं ऐकशील तर काढून टाक. जुनी झाली, चोथा झालाय त्यांचा. मी त्यांच्यावर एका गोंदाची जाहिरातसुद्धा केली, तूही लहानपणी पाहिली असशील. गेल्या महिन्यात बँकेच्या रांगेत मागचे आजोबा ‘धर गं मला’ म्हणत माझ्या अंगावर कलले. बिचारे नुसती नक्कल करत होते. मी त्यांना दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं की ते गोरेमोरे झाले. सोडायचं मला सुचेना, रांगेतल्या दोघांनी सोडवलं.

तेवढी तीन वाक्यं सोडून काहीही विचार. तब्येतीला जप.

तुझी,
मावशी


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चि. खारू,

आशीर्वाद. चिडलीस ते बरं केलंस. चिडलेलं माणूस निदान पत्राचं उत्तर लवकर देतं.

तुझे दिग्दर्शक ती वाक्यं काढायला तयार नाहीत, लोक तेवढ्यासाठीच तिकीट काढतील म्हणतात. खरं आहे त्यांचं. मीही निर्माती असते तर हेच म्हणाले असते. आणि तू म्हणतेस की मी टाळतेय. तेही खरं आहे. तुझ्या आईलाही असंच लगेच दिसायचं. मी खोटं बोलायला तोंड उघडायच्या आधीच ती म्हणायची, ‘हं, आता दुसरं सांग.’

पण पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस ते वाचून मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. तुला ताप आला तर तू अजून नवऱ्याला सांगत नाहीस. कपाळाला हात लावू देत नाहीस. ‘माझ्या तापात आई चार रात्री जागली आणि त्यातच गेली,’ असं लिहितेस, आणि इतकं साधेपणानं लिहितेस जसं काही तुझी जन्मतारीख सांगतेस. खारू, हा वेडेपणा आहे. ताप आला की सांगत जा, गोळी घेत जा. सहा वर्षांच्या मुलीच्या तापानं कुणी मरत नाही. यावर आज एवढंच.

त्या वाक्यांचं विचारतेस ना? मग ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ताई प्रॉम्प्टर होती, हे तुला माहीत आहे. डाव्या विंगेत लाकडी खुर्ची, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी. नट अडखळला की पुढचं वाक्य कुजबुजून द्यायचं, एवढंच ते काम, असं सगळे समजतात. मीही सुरुवातीला तेच समजत होते. मी नटी म्हणून अगदी सुमार होते गं. पाठांतर चोख, बाकी सगळा आनंद. एका प्रयोगाला स्टेजवरच्या दाराची कडी अडकली, निघेना. मी दार धरून उभी आणि प्रेक्षक गप्प. डावीकडून ताई हळूच म्हणाली, ‘घर माझं, आणि दार ऐकतंय भाडेकरणीचं!’ मी तेच म्हटलं. थिएटर नुसतं कोसळलं.

घरी जाताना ती म्हणाली, ‘हे बघ, विंगेतून आलं की लगेच बोलायचं. विचार मागाहून. तू विचार करायला लागलीस की परीक्षेला बसल्यासारखी दिसतेस.’

तो आमचा नियम झाला. घरी आम्ही त्याची तालीम करायचो. मी भांडी घासत असले की ताई आतल्या खोलीतून काहीही फेकायची आणि मी ते त्याच दमात परत फेकायचं. ‘सासू हरवली!’ ‘सासू हरवली!’ ‘शोधू नका!’ ‘शोधू नका!’ तूही मध्ये ओरडायचीस. सहा महिन्यांत माझं असं झालं की तिचं वाक्य कानात शिरायचं आणि तोंडातून बाहेर पडायचं, मध्ये डोकं म्हणून काही नव्हतंच.

पेपरवाले मला हजरजबाबी म्हणायला लागले. आता माझ्या मागे लागलेली सगळी विशेषणं त्याच काळातली आहेत. मी एकदा ताईला म्हटलं की सांगूया का सगळ्यांना. तर म्हणाली, ‘आणि मी काय पडद्यापुढे येऊन उभी राहू, बॅटरी घेऊन? तोंड तुझं, डोकं माझं. दोघींचं मिळून एक माणूस होतंय ना, पुरे झालं.’

ती गेल्यावर तरी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एवढी पारितोषिकं घेतली, एवढ्या मुलाखती दिल्या, ‘हे तुम्हाला सुचतं कसं’ म्हणून विचारलं की गालात हसायचे. तुझ्या आईचं श्रेय मी बिनदिक्कत खाल्लं. ती तीन वाक्यंही तिचीच. डावीकडून आली, मी झेलली. झालं समाधान?

अजून बोलताना मी डावीकडे कान देऊन जरा थांबते. समीक्षकांनी त्यावर पानं भरली आहेत, बाईंचा तो विराम! विराम कसला, वाट बघत असते. आणि कधी कधी येतं, खारू. मागच्या वर्षी सत्काराचं भाषण करत होते. डावीकडे नुसती फुलांची कुंडी होती. तिथून स्पष्ट ऐकू आलं. मी भाषण अर्धं टाकून खाली उतरले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं बाईंना भरून आलं. काम मी तेव्हापासून बंद केलं. गुडघे आपले सांगायला बरे.

काय ऐकू आलं ते विचारू नकोस. वाक्य काढता येत नसेल तर ठेव, पण त्यात फार जीव ओतू नकोस. सपाट म्हण आणि पुढे जा.

तुझी,
मावशी


रविवार, २३ फेब्रुवारी

प्रिय खारू,

तुझं पत्र काल दुपारी आलं. वाचून लगेच उत्तराला बसले, असं नाही. आधी भांडी घासली. मग घासलेली पुन्हा घासली. हे पत्र उद्या सकाळी कुरिअरनं पाठवतेय, मंगळवारी तुझ्या हातात पडेल. तालमीला जायच्या आधी वाच, आणि एकटी असताना वाच.

मी अर्धं सांगितलं आणि त्यानं काय करून ठेवलं ते आता कळतंय. मला वाटलं श्रेयाचं कबूल केलं की तू खूश होशील आणि विषय मिटेल. तू खूश झालीस. इतकी की आमच्या जुन्या दिग्दर्शकांच्या मुलाला शोधून त्यांच्या कपाटातली टेप मिळवलीस. ते महिन्यातून एक प्रयोग टेप करायचे, हशे मोजायला. कुठला हशा किती सेकंद, याची वही होती त्यांची. ती तीन वाक्यं पहिल्यांदा आली त्या दुपारचा प्रयोग टेप झाला होता, हे मला आजवर माहीत नव्हतं.

तू लिहितेस, ‘मावशी, ध्वनिवाल्यानं टेप साफ केली आणि तुझ्या प्रत्येक वाक्याआधी आई ऐकू येते! मला तिचा आवाज आठवतही नव्हता. तिसरं वाक्य तर ती अशी काही म्हणते की तालमीत सगळे हसून लोळले. मीपण. आईमुळे मी आयुष्यात पहिल्यांदा एवढी हसले.’ आणि पुढे, की पडदा उघडायच्या आधी तो आवाज लोकांना ऐकवायचा. माहितीपत्रकात लिहायचं की हा विनोद माझ्या आईचा, तिचं शेवटचं काम. गुरुवारी ते छापायला जाणार.

खारू, तो विनोद नव्हता.

आता मी सरळ लिहिते. मध्ये गंमत करायला लागले तर ती ओळ सोडून पुढे वाच, मला सवय आहे.

दुपारचा प्रयोग होता. मी स्टुलावर होते. समोर भाडेकरणीच्या कामात आमची काडी, बारीक म्हणून आम्ही तिला काडी म्हणायचो. त्या प्रवेशात आम्ही दोघीच. डाव्या विंगेत ताई एकटी, कारण तिथे नेपथ्यातला जिना आडवा यायचा आणि बाकी सगळे उजवीकडे असायचे. माझं पुढचं वाक्य होतं, ‘या भिंतीतला खिळासुद्धा माझा आहे.’ ते मला पाठ होतं. पण डावीकडून आलं, ‘धर गं मला.’ आणि मी म्हटलं, ‘धर गं मला.’ मध्ये डोकं नव्हतं, हे मागच्या पत्रात लिहिलंय. हशा आला, चांगला मोठा. काडीनं ते उचललं आणि धरायच्या ऐवजी स्टुलाभोवती फिरायला लागली.

मग आलं, ‘अगं, खरंच धर.’ तेही मी म्हटलं. हशा दुप्पट.

इथपर्यंतचं मी स्वतःला माफ करू शकले असते. सवय होती, नियम होता, नियम तिनंच घातला होता. गेली तीस वर्षं मी स्वतःला इथपर्यंतच सांगत आले आहे.

त्या हशात मी डावीकडे पाहिलं. ताई खुर्चीवरून खाली आली होती. गुडघ्यावर होती. एक हात विंगेच्या चौकटीला आणि दुसरा इथे, छातीवर. संहिता उलटी पडली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं. अंदाज आला वगैरे नाही, कळलं. ती म्हणाली, ‘कुणीतरी या ना.’

मी मान वळवली, प्रेक्षकांकडे तोंड केलं, आणि ते वाक्य टाकलं. तिच्या त्याच सुरात. थांबून, नीट जागा घेऊन.

का, ते मला विचारू नकोस असं लिहिणार होते, पण तुला विचारायचा हक्क आहे. थिएटर हसत होतं, खारू. आठशे माणसं होती. तसा हशा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता आणि तो अजून वर जाणार होता, हे मला अंगाला कळत होतं. मनात असंही आलं की मध्यंतर आता होईलच, तेवढ्यानं काय होतंय. दोन्ही एकाच वेळी आलं. पहिलं आधी आलं.

काडी प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली, तिलाच हसू आवरेना. तू लिहितेस की तिसऱ्या वाक्यानंतर टेपवर काहीतरी खरखर येते आणि ध्वनिवाला तो दोष काढून टाकणार आहे. तो टेपचा दोष नाही. ती खुर्ची सरकल्याचा आवाज आहे.

मध्यंतराला अकरा मिनिटं होती. मी ती पूर्ण केली. डावीकडून काही आलं नाही, तरी एक शब्द चुकले नाही. पडदा पडला आणि मग मी धावले.

व्यवस्थापकांनी बाहेर जाऊन विचारलं, कुणी डॉक्टर आहे का. तिसऱ्या रांगेतले एकजण उठून आले. हसून हसून डोळ्यांतून आलेलं पाणी त्यांच्या गालावर तसंच होतं. गाडीत ते ताईच्या छातीवर दाब देत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘आधी कुणी हाक का नाही मारली? मी इथेच होतो, अहो, मी इथेच बसलो होतो.’ हाक तिनं मारली होती. मी ती त्यांना ऐकवलीही होती, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात.

पंधरा दिवसांनी प्रयोग पुन्हा सुरू झाले. निर्माते म्हणाले, ती तीन वाक्यं राहू द्या. मी नाही म्हटलं नाही. चारशे प्रयोगांत ती म्हटली, गोंद विकायला म्हटली. सत्काराच्या दिवशी कुंडीमागून मला तिसरं वाक्य ऐकू आलं. रोज येत नाही, पण येतं, आणि आता मी ते मोठ्यानं म्हणत नाही. उठून डावीकडे जाते. तिथे कुणी नसतं. तरी जाते.

तू त्या टेपवर हसलीस, त्याचा बोल तुला नाही. तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

टेप लोकांना ऐकवू नकोस, एवढं हात जोडून सांगते. दिग्दर्शकांना कारण हवं असेल तर हे पत्र दाखव. माहितीपत्रकात हे सगळं छापलंस तरी माझी तक्रार नाही. ‘हजरजबाबी’ हा शब्द तेवढा कुठेही येऊ देऊ नकोस.

आता राहिलं ते. हे लिहिण्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं आणि चार पानं वळसा घालून इथवर आले.

दवाखान्यात, खोलीबाहेरच्या बाकावर तू माझ्या शेजारी बसली होतीस. कपडेपटाच्या बाईंनी तुला तिथे आणून सोडलं होतं. आठ दिवसांपूर्वी तुला ताप येऊन गेला होता, दोन दिवस, साधा. ताई रात्री तुझ्या उशाशी झोपायची आणि चांगली घोरायची, मला भिंतीपलीकडे ऐकू यायचं. तुझे बाबा धावत आले, मागून बाकी नातेवाईक आले. सगळ्यांनी मला विचारलं, ‘असं अचानक कसं झालं?’

मी सवयीनं डावीकडे पाहिलं. डावीकडे तू होतीस. वाक्य द्यायला कुणी नव्हतं. मग मीच एक बनवलं. मी म्हटलं, ‘पोरीच्या तापात चार रात्री जागली, त्यानंच दमली.’

सगळ्यांनी ते लगेच खरं मानलं. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस, आणि मी तुझ्याकडे पाहिलं नाही.

माझ्या सबंध कारकिर्दीत मी स्वतः रचलेलं तेवढं एकच वाक्य आहे, खारू. ते खोटं आहे. तिला तू दमवलं नाहीस. तुझा त्यात काडीचा संबंध नाही. ती माझ्यापासून सहा पावलांवर होती आणि तिनं मला बोलावलं होतं.

ताप आला तर नवऱ्याला सांग.

तुझ्या आईची
धाकटी बहीण